दोन भोंग्यांची राजदूत

वाहेद मेकॅनिकच्या राजदूत मोटारसायकलवर पहिला भोंगा बसला तो वरातींसाठी, आणि दुसरा बसला तो पाण्यासाठी. मधल्या काळात वांगटाकळीच्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या होत्या. ब्याण्णवचा तो उन्हाळा. लोक लग्नं दारातच, दहा माणसांत उरकत होते. वरातच नाही म्हटल्यावर भोंग्याला काम कोण देणार? ते दिलं सोसायटीनं.

साखर कारखान्याचा टँकर सभासद गावांना पाणी पुरवायचा आणि वांगटाकळीत ते वाटायचं काम गावच्या सेवा सोसायटीकडे होतं. टँकर कधी नऊला यायचा, कधी दोनला. एकाच जागी उभा केला तर दुसऱ्या आळीची भांडणं, म्हणून आज वेशीत, उद्या शाळेपुढं, परवा माळावर सोसायटीच्या गोदामापाशी, अशी त्याची जागा रोज बदलायची. वाहेदनं फाट्यावर जाऊन थांबायचं, टँकर दिसला की त्याच्यापुढं राजदूत घालायची आणि टँकर उभा राहायच्या जागेपर्यंत ओरडत यायचं, एवढं त्याचं काम. पहिले आठ दिवस बायकांनी शब्द ऐकले. नंतर त्यांची गरजच उरली नाही. भोंगा जिकडून वाजतो तिकडं पाणी, हे कानांपेक्षा पायांनाच जास्त पाठ झालं. भाकरी थापणारी बाई पिठाचा गोळा परातीत टाकून, हंडा उचलून आवाजाच्या रोखानं धावत सुटायची. वाहेद काय म्हणाला असं तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

फरीदानं हे सगळं रोज दारातून पाहिलं होतं. पण त्या गुरुवारी ते आठवायला तिला उशीर झाला.

फरीदा वाहेदची बायको. माहेर घाटनांदूरचं, नबी रेडिओवाल्याची ती थोरली लेक. बापाच्या दुकानामागच्या खोलीत बसून ती लहानपणीच ट्रान्सफॉर्मर भरायला शिकली होती. केसासारखी तांब्याची तार, वेढ्याशेजारी वेढा, एकही न चुकवता. वेढे मोजताना ती कुणाशी बोलायची नाही. दारात मांजर आलं तर त्याला नुसतं बोटानं हाकलायची. वाहेदच्या हाताला यश आहे, असं वांगटाकळीतले लोक म्हणायचे आणि वाहेद हॉटेलात चहा पिताना ते निमूट ऐकून घ्यायचा. घरी आला की बिघडलेलं मशीन तिच्यापुढं ठेवून म्हणायचा, "बघ गं, काय दुखतंय त्याचं."

त्या सोमवारी सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव त्यांच्या दारात आले. बुलेटवरून न उतरताच बोलले.

"वाहेद, तुझा भोंगा म्हातारा झाला बे. माळावरच्या वस्तीला ऐकू जात न्हाई. त्या बाया पोचस्तोवर टँकर कोरडा होतोय. लोकं म्हणतेत चेअरमननं मुद्दाम केलं."

"साहेब, पंधरा वॅटचं मशीन हाय ते. शेळीनं किती हंबरावं?"

"मग म्हैस आण! पावसाळा झाला की कारखान्याची निवडणूक हाय. चाळीस गावं फिरायचीत. आवाज असा पायजे, का बहिऱ्यानं मान वळवली पायजे."

वाहेद दुसऱ्याच दिवशी परळीला गेला. तिथल्या एका मंडपवाल्याकडं चाळीस वॅटचा अँप्लिफायर धूळ खात पडला होता, आतला ट्रान्सफॉर्मर जळालेला. सोबत एक जादा भोंगा मिळाला, त्याच्या युनिटमधला, थरथरून आवाज काढणारा पडदा फाटलेला. दोन्ही वस्तू पोत्यात बांधून तो घेऊन आला. फरीदानं जळकी तार उलगडून काढली, नवी भरली, पडदा बदलला. अडचण वेगळीच होती. मशीनला बारा व्होल्ट लागत होते आणि राजदूतकडे होते सहा. तेव्हा सहाच्या दोन बॅटऱ्या एका लाकडी खोक्यात शेजारी बसवून एकीची तार दुसरीला जोडली. एक भोंगा पुढं दिव्याच्या वर, एक मागं कॅरिअरवर तोंड मागं करून. मशीन पेट्रोलच्या टाकीवर पट्ट्यानं आवळलं. राहिलं फक्त खोकं. त्याला लोखंडी चौकट वेल्डिंग करून घ्यायची होती आणि गावात दोन दिवस लाइट नव्हती.

गुरुवारी सकाळी बसवण्याआधी दोन्ही भोंगे अंगणात शेजारी ठेवून वाहेदनं माइक तोंडाशी धरला.

"हॅलो. हॅलो."

आवाज निघाला तो डब्यात बोलल्यासारखा. वाहेदचं तोंड उतरलं. "एवढा कुटाणा करून हे? आधीचं बरं व्हतं की."

फरीदानं एका भोंग्याची तार काढली. दुसरा एकटा खणखणीत वाजला. मग उलट केलं. तोही एकटा खणखणीत. दोन्ही मिळून मात्र चिपाड. ती हसली.

"एकाच्या तारा उलट्या लावल्यात तुमी. ह्याचा पडदा पुढं येतोय तवा त्याचा मागं जातोय. दोघं एकमेकाचा आवाज खातेत."

तारा बदलल्या. "हॅलो," वाहेद म्हणाला आणि लिंबावरचे कावळे एकदम उडाले. समोरच्या घरात भांडं पडलं. वाहेद खूश होऊन आणखी दोनदा ओरडला. तेवढ्यात गल्लीच्या दोन्ही तोंडांनी चार-पाच बायका हंडे घेऊन धावत आल्या.

"कुठाय टँकर?"

"टँकर न्हाई मावशी, टेस्टिंग हाय!"

"तुझ्या टेस्टिंगला लागली आग! चुलीवर दूध ठिवून आले मी!"

"दूध हाय का घरात? मग पाणी कशाला पायजे?" वाहेद म्हणाला. बायका शिव्या देत, हसत परतल्या. फरीदाही हसली. त्यातल्या एकीनंही तो काय ओरडला ते ऐकलेलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

भोंगे राजदूतवर चढवून होतात न होतात तोच राधाकिशन आला. राधाकिशन म्हणजे सोसायटीचा सचिव, हिशेबी, हळू बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यानं सायकल उभीसुद्धा केली नाही, दारात तशीच पडू दिली.

"वाहेद, नदीत पाणी सोडलं."

"उद्या सोडणार व्हते ना?"

"आज पहाटंच सोडलं. कावून सोडलं, कुणी सोडलं, ते मला म्हाईत न्हाई. वरल्या गावच्या सोसायटीतून फोन आलता. तिथून फुडं गेलं म्हणं, मोप हाय पाणी. बारापस्तोर आपल्या शिवारात येतंय."

वाहेदनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

नदीत कोण आहे ते तिघांनाही माहीत होतं. वरच्या धरणातून खालच्या गावांच्या पिण्यासाठी पाणी सोडणार, तर शुक्रवारी नदीत कुणी उतरू नये, अशी दवंडी दोनदा झाली होती. त्यामुळेच आज गुरुवारी नदीत गर्दी होती. सोडलेलं पाणी चार दिवस गढूळ राहणार, म्हणून वाळूत उकरलेल्या झिऱ्यांतून शेवटचं नितळ पाणी भरून घ्यायला साठ-सत्तर बायका पहाटेपासून बसल्या होत्या. आणि नदीच्या वळणावर, पार पलीकडच्या काठाला, फरीदाच्या सासूची खरबुजाची वाडी होती. सासू, सईदा, शेवटची फळं तोडायला दिवस उजाडायच्या आत गेली होती. दोन वर्षं कोरडी पडलेली ती नदी. वाळूचे ट्रॅक्टर भरून भरून तिच्यात पुरुष-पुरुष खोल खड्डे झालेले, मधे वाळूचं एक बेट तेवढं उंच राहिलेलं. पाणी आलं की आधी ते खड्डे भरणार, आणि कुठं खड्डा, कुठं वाळू हे कुणाला कळणार नाही.

"मी वेशीत सांगतो," म्हणून राधाकिशन सायकल उचलून पळाला.

वाहेदनं किक मारली. मग खोक्याकडं पाहिलं.

"मी बसते मागं," फरीदा म्हणाली.

"तू?"

"मग हे धरणार कोण? वाटंत तार निघाली तर जोडणार कोण?"

लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. वाहेदच्या मागं बसून ती गावातून कधी गेली नव्हती. तिनं पदर डोक्यावरून कानामागं खोचला, बॅटऱ्यांचं खोकं मांडीवर घेतलं, आणि दोन्ही हातांनी पोटाशी आवळून बसली.

नदीच्या काठावर येईस्तोवर बॅटऱ्यांतलं अॅसिडचं पाणी दोनदा हिंदकळून बाहेर आलं. मांडीला आधी गार लागलं, मग चुरचुरायला लागलं. तिनं खोकं आणखी घट्ट आवळलं. काठ दोन पुरुष उंच होता. वाहेदनं वरूनच माइक तोंडाशी धरला. "नदीतल्या बायांनो, वर या! पाणी सुटलंय! आज, आत्ता!" आवाज दणदणीत निघाला आणि नदीच्या डोक्यावरून थेट पलीकडच्या शिवारात गेला. खाली दोन-चार डोकी वर झाली, परत वाकली. वळणापलीकडचं तर काहीच दिसत नव्हतं.

"आत घालतो," वाहेद म्हणाला. ट्रॅक्टरच्या चाकोरीनं राजदूत घसरत, डुलत पात्रात उतरली.

पहिल्या झिऱ्यावर भामाबाई होती. साठीची, वाळलेली, पण आवाज असा की तिला भोंगा लागला नसता. वाटीनं पाणी घागरीत ओतता ओतता तिनं मान वर केली.

"वाहेद, उद्या हाय पाणी. दवंडी झालीया."

"आजच सोडलंय मावशी. उठा, लवकर उठा!"

"मी उठते अन् तिकडून दुसरी बसते. ह्या झिऱ्यासाठी चेअरमनच्या घरची माणसं दोनदा येऊन गेलीत सकाळधरनं. तुला त्यांनीच धाडला ना?"

"अल्लाची शपथ मावशी..."

"मस्त नवीन भोंगा घिऊन दिलाय तुला त्यांनी. दोन दोन!" बाजूच्या बायका हसल्या.

झिऱ्याचा कायदा तिथं सगळ्यांना माहीत होता. उकरला त्याचा झिरा, पण तो शेजारी बसून असेपर्यंतच. उठला की सोडला. वाटी-वाटीनं भरणाऱ्या झिऱ्यावर सात तास बसलेली बाई कुणाच्या बोलण्यावर उठत नसते, मग बोलणारा कितीही खरा असो.

वाहेदनं गाडी पुढं काढली आणि मशीनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दोन्ही काठांच्या मधे तो आवाज असा घुमला की फरीदाला तो खोक्यातून, मांडीतून, दातांतून कळला. वाहेद घसा फोडून तेच तेच सांगत होता. बायका हातानं कान झाकत होत्या आणि बसून होत्या. काही जणी तर घागरी उचलून राजदूतच्या मागं चालू लागल्या. फरीदाला वाटलं, निघाल्या एकदाच्या. पण त्या काठाकडं निघाल्या नव्हत्या. त्या राजदूत जाईल तिकडं, पात्रातच आत आत येत होत्या.

तिनं मागं वळून पाहिलं.

गावाकडच्या काठावर हंडे चमकत होते. आधी दहा, मग वीस, मग मोजता येईनात. बायका काठ उतरून धावत खाली येत होत्या. घसरत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. त्यांच्या मागून माळावरच्या वस्तीतल्या बायका येत होत्या, ज्यांना आजवर भोंगा कधी ऐकूच गेला नव्हता. आज गेला होता. भरलेला ट्रान्सफॉर्मर, नवा पडदा, बारा व्होल्ट, सगळं नीट चाललं होतं. तिच्या हाताचं काम होतं ते, आणि ते अख्खं गाव नदीत ओढून आणत होतं.

"बंद करा," ती म्हणाली.

वाहेदला ऐकू गेलं नाही. तो ओरडतच होता. तिनं हात पुढं घालून मशीनची तार उपटली. एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेत वरच्या अंगाला टिटव्या ओरडताना ऐकू आल्या. दोन-चार नाही, पुष्कळ. आणि बगळ्यांची एक रांग पात्रावरून खाली, त्यांच्या डोक्यावरून निघून गेली.

"येड लागलं का तुला? जोड ती तार!"

"तुमी वरडताय म्हणून येतायत त्या. मागं बघा."

वाहेदनं पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी त्यानं पुसला नाही.

"भोंगा जिकडं तिकडं टँकर," फरीदा म्हणाली. "आपणच शिकवलंय त्यांना. आता वर चला. माळावर, गोदामाकडं. तिथून सांगा टँकर आलाय म्हणून."

"टँकर कुठं आलाय?"

"न्हाई आला. तरी सांगा."

"पाण्याचं खोटं?" वाहेदचा आवाज खाली आला. "फरीदा, ह्या भोंग्यातून आजवर एक शब्द खोटा गेला न्हाई. लोकं टाळकं फोडतील माझं."

"जित्या ऱ्हायल्या तर फोडतील. फोडू द्या."

त्यानं गाडी वळवली. मागचं चाक वाळूत रुतलं आणि नुसतं फिरायला लागलं. फरीदा खोक्यासकट उतरली, खोकं एका हातानं काखेत दाबून दुसऱ्या हातानं कॅरिअर ढकलायला लागली. गरम वाळू तिच्या तोंडावर उडाली. समोरून बायका येतच होत्या. "कुठं हुबा केलाय गं? बेटावर का?" एकीनं धावता धावता विचारलं. फरीदा ढकलत राहिली. एकीला सांगून दहा थांबणार नव्हत्या. चाक सुटलं, ती उडी मारून बसली, आणि बायकांच्या लोंढ्यातून उलटी वाट काढत राजदूत काठ चढली.

गोदामापुढच्या माळावरून नदी अख्खी दिसायची. वाहेदनं गाडी थांबवली, तिनं तार जोडली. मशीनचा लाल दिवा लागला. वाहेदनं माइक धरला.

"हॅलो," तो म्हणाला. आणि थांबला.

"सांगा की."

"हॅलो..." त्यानं माइक तोंडापासून लांब केला. पाण्यासाठी धावणाऱ्या बायकांना उन्हाळाभर रोज खरं सांगितलेलं त्याचं तोंड वळेना. पार वरच्या वळणाला, जिथं ऊन नुसतं पांढरं तरळत असायचं, तिथं एक तपकिरी रेघ दिसत होती. ती रेघ हलत होती.

फरीदानं त्याच्या हातातून माइक काढून घेतला. दोन हजार वेढे भरताना तिचं मन जसं एका जागी उभं राहायचं तसं तिनं ते उभं केलं. ओरडली नाही. नळाच्या तोंडाशी उभं राहून बाई जशी दुसरीला सांगते तसं सांगितलं.

"टँकर आलाय. माळावर गोदामापाशी उभा हाय. मानशी दोन हंडे. निम्मा संपलाय. जी येईल तिला मिळंल."

तिचा आवाज तिनं कधी बाहेरून ऐकला नव्हता. शिवारभर तो पसरला आणि क्षणभर नदीतलं सगळं जागच्या जागी थांबलं. वाहेदचा नव्हता तो आवाज, बाईचा होता. मग 'निम्मा संपलाय' ह्या शब्दांनी काम केलं, का पायांच्या सवयीनं, कोण सांगणार? लोंढा वळला. काठ उतरणाऱ्या काठावरच वळल्या. पात्रातल्या घागरी उचलून निघाल्या. झिऱ्यांवरच्या बसल्या होत्या त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. वाटी-वाटीनं भरण्यापेक्षा दोन हंडे एकदम. एक उठली, तिच्यामागं चार उठल्या. शेवटी भामाबाई उठली. झिऱ्यात आपली वाटी पालथी ठेवून, खूण म्हणून, ती निघाली.

"परत सांग," वाहेद म्हणाला. "निम्मा न्हाई म्हणू आता. पाव राह्यलाय म्हण."

तिनं तसं सांगितलं. त्या धावायला लागल्या.

एकच आकृती हलली नव्हती. पलीकडच्या काठाखाली, वळणाच्या अलीकडं, पांढरी ओढणी वाकून खरबुजं गोळा करत होती. सईदानं टँकरच्या पाण्याला कधी हात लावला नव्हता. माझा झिरा मला पुरतो, म्हणायची. टँकर आला काय आणि गेला काय, तिला देणंघेणं नव्हतं. वाहेदनं "अम्मा!" अशी नुसती हाक मारली, ती माळावरच विरली. तो गाडी सोडून नदीकडं धावत सुटला. त्याला पोचायला पंधरा मिनिटं लागली असती. तपकिरी रेघ आता रेघ राहिली नव्हती, पात्राची अर्धी रुंदी तिनं भरली होती.

फरीदानं माइक ओठांना टेकवला आणि घरातल्या बोलीत म्हणाली, "अम्मा. मैं फरीदा बोलतूं. सब छोडको गोदाम पे आओ. अब्बी."

पांढरी ओढणी ताठ उभी राहिली. घरातल्या सुनेचा आवाज गावच्या भोंग्यातून, तोही आपल्याला हाक मारताना! म्हातारीनं हातातलं खरबूज खाली टाकलं आणि काठी उचलली. ती घाबरून निघाली नाही, सुनेला जाब विचारायला निघाली, हे तिच्या चालीवरून एवढ्या लांबूनही कळत होतं. पण निघाली. पात्र तिरपं कापून, खड्ड्यांच्या कडेकडेनं, काठी आपटत. फरीदाला एक एक पाऊल दिसत होतं. मधल्या बेटापर्यंत आली. बेटावरून उतरली. थांबली. का थांबली? ओढणी सारखी करत होती. "अम्मा, चलो!" फरीदा ओरडली, तेव्हा भोंगा किंचाळल्यासारखा वाजला. अलीकडच्या काठाखाली वाहेद पोचला होता. म्हातारी जवळ येताच त्यानं तिला काही समजावलं नाही, सरळ पाठीवर घेतली आणि चढायला लागला.

तोवर माळावर दोनेकशे बायका येऊन उभ्या होत्या. रिकामं मैदान, बंद गोदाम आणि एक मोटारसायकल. धापा टाकायचा आवाज तेवढा होता.

"कुठाय टँकर?" भामाबाईनं विचारलं.

फरीदानं खोकं खाली ठेवलं. तिच्या लुगड्याला मांडीवर भोकंच भोकं पडली होती. "न्हाई टँकर."

"न्हाई म्हंजी?"

"न्हाई आला. मी खोटं बोलले."

भामाबाईच्या हातातला हंडा सुटला तो थेट पुढच्या भोंग्यावर. पत्रा आत गेला. "सात तास बसले मी! सात तास! माझा झिरा गेला!" मागून रेटा आला. कुणी राजदूत धरून हलवायला लागलं. कुणीतरी फरीदाचा दंड धरला. "उन्हात मरतो आमी अन् तुला मस्करी सुचली?" फरीदा त्यांच्या डोक्यांवरून नदीकडं बघत होती. त्याच वेळी वाहेद माळावर आला, आई पाठीवर, आणि त्या पाठीवरूनच म्हातारी ओरडत होती, "क्या गे फरीदा, पूरे गाँव को आवाज सुनाती? शरम बेच दी क्या?"

मग कुणीतरी म्हणालं, "ऐका."

आधी वाळलेली पानं तुडवल्यासारखा आवाज. मग जड, घशातून आल्यासारखा. दोनशे बायका वळल्या. पाणी धबधब्यासारखं आलं नाही. फेस, काटक्या, शेणाच्या गोवऱ्या, कुणाची फाटकी चप्पल, सगळं पुढं ढकलत तपकिरी जीभ वाळूवरून सरकत आली. घोटाभर. बघता बघता गुडघाभर. वाळूच्या खड्ड्यांत ते गोल फिरून आत गेलं आणि भरून वर आलं. झिऱ्यांशेजारी नंबराला लावलेल्या घागरी एकेक करून आडव्या झाल्या आणि तरंगत निघाल्या. सईदाची वाडी गेली, पिवळी फळं थोडा वेळ वर दिसली. मधलं बेट मोजून दहा मिनिटांत दिसेनासं झालं.

फरीदाचा दंड कुणी सोडला ते तिला कळलं नाही.

"सगळ्या वर हायत का?" एकीनं विचारलं. मग वस्तीवार नावं घेतली गेली. वेशीतल्या, शाळेकडच्या, कुंभारआळीतल्या, माळावरच्या. प्रत्येक नावाला गर्दीतून कुठून ना कुठून हुंकार आला. कुणी फरीदाचे आभार मानले नाहीत. भामाबाई आपला हंडा उचलून पोचा बोटानं चाचपत राहिली. सासू वाहेदच्या पाठीवरून उतरली, सुनेजवळ आली आणि तिच्या लुगड्यातल्या भोकांकडं बघून म्हणाली, "जली क्या?" तेव्हा फरीदा तिथंच मातीत बसली.

खरा टँकर साडेचारला आला. त्या दिवशी त्याची जागा शाळेपुढं होती. वाहेद नेहमीसारखा पुढं राजदूत घालून आला. खोकं अजून बसवलेलं नव्हतं म्हणून फरीदाही मागं होती, दुसरं लुगडं नेसून, मांडीला हळद लावून. चेंबलेला भोंगा थोडा फाटका वाजत होता. "टँकर आलाय, शाळेपुढं टँकर," वाहेद घोगऱ्या आवाजात सांगत होता.

गल्लीत एकही पाऊल वाजलं नाही.

बायका दारांत उभ्या होत्या. कमरेवर हंडे होते. ऐकत होत्या. आज पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत होत्या, आणि जागच्या हलत नव्हत्या.

टँकरवाला आश्रुबा खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आरं, गावात माणसं हायत का गेली सगळी? मला अजून दोन गावं करायचीत."

वाहेदनं माइक मागं केला. "तू सांग."

"माझं तर मुळीच न्हाई ऐकायच्या," फरीदा म्हणाली. तरी तिनं सांगितलं. "टँकर आलाय. खरंच आलाय." तो 'खरंच' तिचा तिलाच नको वाटला.

शाळेसमोरच्या वळणावरून भामाबाई आली. धावत नाही, चालत. राजदूतजवळून गेली, दोघांकडंही पाहिलं नाही. टँकरपाशी गेली आणि दुमडलेल्या बोटांनी पत्र्यावर वाजवलं, खाली, मग मधे, मग टाचा उंचावून जितक्या वर हात पोचला तितक्या वर. तिन्हीकडं आवाज दबका, भरीव आला. तरी तिनं दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा एकदा वाजवून पाहिलं.

मग पोचा आलेला हंडा नळाखाली ठेवून ती गल्लीकडं वळली आणि तोंडाशी हात धरून ओरडली, "या गं. भरलेला हाय."